छोटे घर, जड माळवद



नाताळच्या गोठ्याभोवती आपण मातीची चिमुकली घरे मांडतो. हल्ली सिरॅमिक स्टुडिओंत अशी घरे हाताने घडवून, भट्टीत भाजून विकतात. आतून ती पोकळ ठेवतात, एक छिद्रही राखतात. नाहीतर ओल राहिलेले घर भाजताना वाफेने फुटते.

घर कशासाठी? माणसाला आणि त्याच्या चीजवस्तूला आसरा देण्यासाठी, असे अॅरिस्टॉटल म्हणतो. मग ज्यात कुणी राहायचेच नाही, ते घर कसले? ती घराची आठवण आहे, एवढेच आपण म्हणू. पण आठवण खरी हवी की गोंडस, हा प्रश्न मराठवाड्यात टाळता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे १०,००० माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. (उन्हाळ्यात गारवा देणारे तेच!) पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ऊन अडवले, ते झोपलेल्यांवर कोसळले. पुढे नवी गावे वसली, सरळ रस्ते आले, मजबूत घरे आली. तरी कुणाला जुनेच घर आठवते. त्यांना चुकीचे ठरवणारे आपण कोण?

तेव्हा कुणी माळवदाचे इवलेसे घर घडवले तर जरूर घडवावे. फक्त देखणेपणासाठी भिंती पातळ करू नयेत. जाडी दिसू द्यावी. मूल विचारील, ‘‘एवढे जाड का?’’ त्याला गारव्याचे सांगावे, आणि त्या पहाटेचेही.