थकलेलं भाडं, थकलेला पगार

भाडं थकलं की भाडेकरू बुडव्या. पगार थकला तर मालक मात्र 'अडचणीत'. ही भाषा कुणी बनवली?

१९३६ च्या वेतन कायद्यानं हजार वा जास्त कामगारांच्या गिरणीला पगारासाठी महिना संपल्यावर १० दिवस दिले होते. भाडं मात्र १ तारखेला हवं. मधले दिवस धुळ्या-जळगावच्या चाळीतल्या कामगारानं दारात काय दाखवायचं? तोंड?

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीसाठी दावा लावण्याआधी लेखी नोटीस आणि ९० दिवसांची मुदत आहे. पाणी तोडायला मनाई आहे. उशीर म्हणजे लबाडी नव्हे, हे कायद्यालाही कळतं. मग सामान फेकणं, बाईमाणसाला चारचौघांत बोलणं कशासाठी?

आणि पैसे भरणाऱ्याचं तरी काय? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन काढलं, ते थकबाकीसाठी नव्हे, जातीसाठी.

पण गड्यांनो, एक खोली भाड्यानं देऊन चूल पेटवणारी म्हातारी आपल्याही वस्तीत आहे. तिचं भाडं बुडवून विद्रोह होत नाही. असून न देणं ही चोरीच. नसेल तर तोंड लपवू नका. तारीख सांगा, थोडं द्या. पगार थकवणाऱ्याला जेवढी मुदत, तेवढी भाडेकरूला. एवढाच आमचा हिशेब.