भूदृश्याचे ऋण

एखादी कलाकृती 'भूदृश्यापासून स्फुरली' असे म्हटले की समीक्षा बहुधा तिथेच थांबते. प्रेरणेचे नाव सांगितले म्हणजे कलाकृतीचा अर्थही सांगून झाला, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः प्रेरणा हे स्पष्टीकरण नसून ऋण आहे, आणि ऋण केवळ मान्य केल्याने फिटत नाही. कलाकृती ज्या भूमीचे नाव घेते त्या भूमीचे ती काय देणे लागते, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचा आहे. फिनलंडच्या सिरॅमिक कलावती रूत ब्र्यूक (१९१६–१९९९) यांच्या कामाच्या आधारे तो तपासून पाहता येतो.

मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात १९५१ साली ब्र्यूक यांना 'ग्रां प्री' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेथील फिनलंडच्या दालनाची रचना त्यांचे पती तापिओ विर्कला यांनी केली होती. काच, लाकूड, सिरॅमिक अशा भिन्न माध्यमांतील वस्तू तेथे एका राष्ट्राच्या नावाखाली एकत्र आल्या. फिनलंड त्या वेळी सोव्हिएत संघाला युद्धभरपाई देत होता; ती १९५२ मध्ये पूर्ण झाली. युद्धाने खचलेल्या या देशाला जगापुढे नवी ओळख घेऊन उभे राहण्यासाठी वस्तुकलेचा मोठा उपयोग झाला, आणि त्या वस्तूंचे वर्णन अरण्ये, सरोवरे व बर्फ यांच्या भाषेत करण्याचा प्रघात पडला. ब्र्यूक यांचे त्या काळातील काम मात्र मानवी आकृती आणि पक्षी यांत रमणारे, कथनाकडे झुकणारे होते. भूदृश्य त्यांच्या निर्मितीत ठळकपणे आले ते पुढे. म्हणजे सामूहिक प्रदर्शन कलावंताला केवळ जागा देत नाही. ते त्याला एक अर्थही देऊ करते, आणि तो अर्थ कलावंताचाच असेल असे नाही.

उत्तरकालीन ब्र्यूक यांचे 'यॅविर्ता' (हिमप्रवाह) हे १९९१ मध्ये पूर्ण झालेले भव्य भित्तिशिल्प फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या मँट्युनिएमी या निवासस्थानी आहे. असंख्य लहान भाजलेल्या घटकांच्या जुळणीतून ते उभे राहते. १९७९ मध्ये ॲलन कार्लसन यांनी निसर्गाकडे चित्राप्रमाणे, म्हणजे एका ठरावीक जागेवरून दिसणारा देखावा म्हणून पाहण्यावर आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाच्या उजेडात हे शिल्प लक्षणीय ठरते. कारण ते बर्फाचा देखावा दाखवीत नाही. घटकाला घटक लागून थर साचत जाणे, ही बर्फाची रीत ते अंगी बाणवते. शिवाय भट्टीत माती आक्रसते, झिलई वितळते, आणि शेवटचा हात कलावंताचा राहत नाही. आपल्या इच्छेबाहेरच्या शक्तीला वाव देणे हे या माध्यमाच्या स्वभावातच आहे.

मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी संवेदनांची संघटना साधली आहे. तेवढ्यावर सौंदर्याचा निर्णय पुरा होतो. स्वायत्ततावादी समीक्षक येथेच समाधान पावेल. तथापि ऋणाचा प्रश्न त्याने मिटत नाही. ब्र्यूक आणि विर्कला यांचे उन्हाळी घर उत्तर लॅपलँडमधील इनारी परिसरात होते. इनारी ही सामी लोकांची भूमी आहे. फिनलंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या तिन्ही सामी भाषा तेथे नांदतात. १९४४–४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लॅपलँडमधील वस्त्या जाळल्या. १९४४ मध्ये पेत्सामो सोव्हिएत संघाकडे गेल्यावर स्कोल्ट सामी कुटुंबे इनारी परिसरात पुन्हा वसवली गेली. ज्याला 'निर्मनुष्य, शुद्ध उत्तर' म्हणून पाहिले जाते ते कोणाचे तरी घर असते, जळलेले आणि पुन्हा उभारलेले.

मग अमूर्त शिल्पावर माणसे वगळल्याचा आरोप ठेवावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. न दाखवणे म्हणजे नाकारणे नव्हे. आकृती न रेखाटून ब्र्यूक यांनी कोणाच्या वतीने बोलण्याचा अधिकारही सांगितला नाही. हा संयम नैतिकदृष्ट्या मोलाचा आहे. परंतु हेच शिल्प राष्ट्राध्यक्षांच्या घरी लागले की त्याचे मौन राष्ट्राच्या कामी येऊ शकते. रिकामा भासणारा हिमप्रदेश सर्वांचा वाटतो, आणि जे सर्वांचे वाटते त्याचे मूळ रहिवासी सहज विसरले जातात. हा दोष शिल्पाच्या घडणीत नाही, पण शिल्पाच्या वाचनात तो शिरतो.

म्हणून तीन दावे वेगळे ठेवणे आवश्यक ठरते: राष्ट्राचा, प्रेरणेचा आणि कृतीचा. कृतीचा दावा तिच्या रचनेत तपासावा. प्रेरणेच्या दाव्याला, तो कोणाच्या भूमीवर उभा आहे, हे विचारावे. राष्ट्राच्या दाव्याला, त्याने कोणते वास्तव झाकले, हे विचारावे. कलावंत आपल्या वाट्याचे ऋण माध्यमाशी प्रामाणिक राहून फेडतो. उरलेले ऋण समीक्षकाच्या माथी असते, आणि भूदृश्याला 'निसर्ग' म्हणून तो मोकळा होतो तेव्हा ते बुडते.