ताऱ्याचं वजन, माणसाचं वजन

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास महाडला आमच्या गच्चीवरून व्याध झकास दिसतो. त्याच्या शेजारी आणखी एक तारा आहे, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. "मग तो आहे हे कळलं कसं?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

कळलं ते व्याधाच्या चालीवरून. १८४४ साली बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की व्याध सरळ न जाता किंचित नागमोडी सरकतोय. म्हणजे कुणीतरी त्याला ओढतंय. १८६२ मध्ये दुर्बिणीतून तो जोडीदार दिसला. दोघं साधारण ५० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात. फेरीचा काळ आणि दोघांच्या कक्षा यांवरून वजन काढता येतं. जोडीदार भरला सूर्याएवढा, आकारानं मात्र जेमतेम पृथ्वीएवढा! तो श्वेत बटू आहे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा.

आज व्याध सूर्याच्या दुप्पट जड आहे. जड तारा इंधन लवकर संपवतो. मग हलका जोडीदार आधी कसा विझला? कारण जन्मतः तोच जड होता, सूर्याच्या सुमारे पाचपट. उतारवयात फुगून त्यानं बरंचसं द्रव्य अवकाशात उधळलं. अशा म्हाताऱ्या ताऱ्यांची वजनं करून शास्त्रज्ञ त्यांच्या जन्मापर्यंत पोचतात. जन्माचं वजन कळलं, की आयुष्य किती आणि शेवट कसा, हे बहुतेक ठरतंच.

इथे मी अडकतो. कारण आमच्याच गावात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं तिथलं पाणी प्यायली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली. जन्मावरून माणसाचं मोल ठरवणारा हिशेब त्यांनी नाकारला. ताऱ्याचं नशीब गुरुत्वाकर्षण ठरवतं. तळ्याचं पाणी गुरुत्वाकर्षणानं अडवलं नव्हतं, माणसांनी अडवलं होतं.

हे सगळं मला पाठ आहे. तरी गेल्या महिन्यात आमची खोली भाड्यानं बघायला आलेल्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारला तो, "आडनाव काय?" तो क्षणभर थांबला, मग त्यानं सांगितलं. भाडं न विचारताच निघून गेला.

मी त्याला नकार दिला नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण त्याची चाल बदलली होती, आणि ओढ माझीच होती.