फिरकीला उत्तर

सरकारी कार्यालयात चार वर्षं काढलेल्या माणसाला बदलीच्या फोनची मस्करी समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल उजाडला, की बदल्यांची कुजबुज सुरू होते. मग शेजारच्या खोलीतून कुणीतरी आवाज बदलून फोन लावतो, कलेक्टर कचेरीतून बोलतोय म्हणून सांगतो आणि रत्नागिरीत नुकताच घराचा चौथरा घातलेल्या अव्वल कारकुनाला एका वाक्यात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मंडणगडला पाठवून देतो. दोन मिनिटं त्याचा चेहरा उतरतो. मुलांची शाळा, आईची औषधं, बँकेचा हप्ता, सगळं डोळ्यांपुढून जातं. मग हशा होतो आणि चहा येतो. चहाचे पैसे फोन करणाऱ्याने द्यायचे, असा बहुतेक ठिकाणी रिवाज असतो.

आता त्याच खोलीत कोपऱ्यातल्या संगणकावर बसणाऱ्या कंत्राटी मुलीला कुणी म्हणालं, ‘तुझी मुदतवाढ काही आली नाही गं.’ हसणारे तेच, चहाही तोच. पण अव्वल कारकुनाची नोकरी कायम आहे, आणि आज ज्याने फोन केला त्याला तो पुढच्या महिन्यात बरोबर गाठणार आहे. मुलीची नोकरी खरोखरच दर अकरा महिन्यांनी संपते. उलट करण्यासारखं तिच्या हातात काही नाही. ती हसते, कारण हसली नाही तर ‘हिला मस्करी कळत नाही’ हा शिक्का बसतो आणि तो मुदतवाढीच्या वेळी आठवला जातो.

कामाच्या जागी थट्टा किती चालावी, असं आपण विचारतो. मला वाटतं, आधी विचारायला हवं ते हे, की ज्याची थट्टा होतेय त्याला ती परत करता येते का? हा काही नवा शोध नाही. आपल्याकडे ही समज होती. कामाच्या जागा बदलल्या तशी ती विस्कटत गेली, आणि कायद्याने ती दुसऱ्या वाटेने, फार उशिरा आणि काही जीव गेल्यावर पुन्हा शोधायला घेतली.

रत्नागिरीचा शिमगा बघा. फाक पंचमीपासून वातावरण बदलतं. बारा वाड्यांचं ग्रामदैवत असलेल्या भैरीची पालखी बाहेर पडते, गावोगावच्या पालख्या घरोघर जातात. एरवी चारचौघांत उच्चारता येणार नाहीत असे शब्द फाका घालताना देवासमोर ओरडून म्हटले जातात. होळीसाठी लाकडं पळवली जातात, संकासुर पोरांच्या मागे लागतो, भल्याभल्यांच्या नावाने बोंब ठोकली जाते. पण या मोकळीकीला कुंपण असतं. दिवस मोजके, जागा ठरलेल्या, आणि आज ज्याच्या नावाने बोंब ठोकली त्यालाही उद्या तोच हक्क. देव साक्षीला असतो. त्या शिमग्यात सगळं निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. बायकांना त्या दिवसांत रस्ते टाळावे लागत, त्यांना उलट ओरडण्याची मुभा नव्हती, आणि नेमकी तिथेच ती जत्रा त्रासाची व्हायची.

घरातही थट्टेची नाती ठरलेली असत. मेहुण्याची थट्टा करायची, दीर-भावजयीत चेष्टा चालायची, विहिणी एकमेकींना नावं ठेवून गाणी म्हणायच्या. सासऱ्याशी किंवा थोरल्या दिराशी मात्र असं काही नाही. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अशा नात्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. सोयरीक झालेली दोन घराणी एकत्र येतात, पण त्यांचे हितसंबंध एक नसतात, तेढ केव्हाही निर्माण होऊ शकते. रूढीने मान्य केलेली थट्टा ती तेढ निभावून नेते, असा त्याचा विचार होता. एकाने चिडवायचं आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. काही नात्यांत हे दोन्ही बाजूंनी चालतं, काहींत एकाच बाजूने, हेही त्याने नोंदवलं. हा दुसरा प्रकार घरात निभावतो, कारण तिथे नातं जन्माचं असतं आणि बाकी सगळं घर मध्ये असतं.

कचेरीत सेवाज्येष्ठतेची यादी असते, थट्टेची नसते. कुणी कुणाची फिरकी घ्यावी हे तिथे कुणी ठरवून दिलेलं नाही, म्हणून ते अधिकार ठरवतो. साहेब शिपायाची चेष्टा करतो, जुना नव्याची करतो, कायम असलेला कंत्राटीची करतो. सगळा ओघ वरून खाली. कोकणातल्या खवचटपणाचा मूळ ओघ याच्या उलटा आहे. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा आपल्याला एवढा जवळचा वाटतो तो यामुळेच. रत्नागिरीच्या त्या फाटक्या म्हाताऱ्याकडे पैसा नाही, पद नाही, आहे ती फक्त जीभ. आणि ती तो मोठमोठ्यांवर चालवतो. ‘आमच्याकडे मस्करी चालतेच’ असं म्हणून जो वरिष्ठ नवख्या पोराला रडवतो, त्याने अंतूशेठचा वारसा सांगू नये.

तरीही कामाच्या जागेतून थट्टा काढून टाका, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. हंगामात आंबा पेटीत भरणाऱ्यांची रात्र बघितलेल्या माणसाला ते पटणारच नाही. तीच फळं, तोच हात, तोच गवताचा थर, पहाटेपर्यंत. अशा कामात माणसं एकमेकांना डिवचूनच जागी राहतात. डोनाल्ड रॉय या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागोच्या एका कारखान्यात स्वतः यंत्रावर काम करून हे टिपलं आणि १९५९ च्या सुमारास प्रसिद्ध केलं. मूठभर कामगार, दिवसभर एकच ठोका मारणारी यंत्रं. सॅमी रोज डब्यात केळं आणायचा. आइक रोज ते पळवायचा आणि मोठ्याने ओरडून खायचा. सॅमी रोज तक्रार करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं आणायचा. त्याला स्वतःला ते कधीच मिळालं नाही. रॉयला कळलं, की दिवसाचे असे तुकडे पडतात म्हणूनच तो सरतो.

रॉयच्या लेखाचा हाच भाग बहुतेक जण सांगतात. मला त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जॉर्ज हा त्या गटातला ज्येष्ठ कामगार. त्याच्या जावयाचे वडील प्राध्यापक होते आणि जॉर्जला या व्याह्यांचा मनापासून अभिमान होता. एक दिवस, रॉयच्याच सुचवण्यावरून, त्या प्राध्यापक व्याह्यांची खिल्ली उडवली गेली. ते न्हाव्यांच्या शाळेत शिकवतात, अशी कंडी पिकवली. जॉर्ज गप्प झाला. त्यानंतर तेरा दिवस तो त्यांच्याशी नीट बोलला नाही आणि सगळा खेळ बंद पडला. केळं रोज जात होतं तरी चालत होतं. व्याह्यांना हात लागला तेव्हा चाललं नाही. केळं सॅमी उद्या परत आणू शकत होता. घरातल्या मानाच्या गोष्टीची परतफेड जॉर्ज कशाने करणार?

इथवर मन दुखावण्याचा प्रश्न होता. कारखान्यात शरीराशी खेळणारी मस्करी सुरू होते तेव्हा तो जिवाचा होतो. एक प्रकार तर मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगत फिरायला तयार आहे. कंप्रेसरच्या हवेची नळी गंमत म्हणून सोबत्याच्या पार्श्वभागाशी धरायची. गॅरेजमधल्या साध्या कंप्रेसरचा दाब ६ ते ८ बार असतो. मोठं आतडं फाटायला त्याचा पंचविसावा भागसुद्धा पुरतो. कपडे अंगावर असले तरी हवा आत जाते, आणि एक-दोन सेकंदांत सगळं होऊन जातं. वैद्यकीय नियतकालिकांत अशा इजेची नोंद १९०४ पासून आहे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात, हडपसरच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, १६ वर्षांचा मुलगा असाच गेला. नळी धरणारा सोबत काम करणारा, ओळखीचाच तरुण होता. तीन-चार महिन्यांत बंगळूरला दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात २४ वर्षांच्या एका तरुणाचा त्याच्या मित्राच्या हातून तसाच मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आला, मस्करी.

याला जबाबदार कोण, यावर न्यायालयांचा विचार कसा सरकत गेला ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये १९५१ साली क्रॉसली ब्रदर्स या कंपनीविरुद्धचा खटला नेमका याच हवेच्या नळीचा होता. दोन शिकाऊ मुलांनी तिसऱ्याला जायबंदी केलं होतं. न्यायालय म्हणालं, असं कुणी करील हे मालकाला आधी कळण्यासारखं नव्हतं, तेव्हा त्याच्यावर दोष नाही. सहाच वर्षांनी, १९५७ मध्ये, रिज मॅन्युफॅक्चरिंगच्या खटल्यात उलट निकाल लागला. तिथला एक कामगार सगळ्यांना पाय घालून पाडायचा, आणि त्याची ही खोड कंपनीला कित्येक वर्षं माहीत होती. फोरमनने वेळोवेळी दम दिला, पण पुढे काही केलं नाही. शेवटी त्याने एका अपंग सहकाऱ्याला पाडलं आणि त्याचं मनगट मोडलं. यावेळी मालक दोषी ठरला. ज्याची खोड माहीत आहे त्याला आवरणं हे मालकाचं काम आहे, हा विचार तिथून पक्का झाला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम १११ ने हा भार कामगारावर टाकला. स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असं काही जाणूनबुजून करू नये, असं ते सांगत असे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आलं आणि कामगारांना शिक्षण देणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं ही कारखानदाराची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिली गेली. पण खरी कलाटणी वेगळ्याच दोन कायद्यांनी दिली, असं माझं मत आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने रॅगिंगची व्याख्या करताना शारीरिक इजेबरोबर भीती, शरम, संकोच यांचाही उल्लेख केला आणि प्रॅक्टिकल जोक थेट त्यात घातला. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालापासून २०१३ च्या कायद्यापर्यंत, कामाच्या जागी स्त्रीच्या छळाचा विचार करताना ‘तिला ते नको होतं का’ ही कसोटी आली. करणाऱ्याचा हेतू विनोदाचा होता, हे उत्तर तिथे पुरेनासं झालं. पाहणाऱ्याची जागाच बदलली. इतकी वर्षं आपण थट्टा करणाऱ्याच्या बाजूला उभे राहून थट्टेकडे पाहत होतो.

हा बदल अर्ध्यावर थांबलाय. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाला रॅगिंगच्या कायद्याचं कवच आहे. तोच मुलगा तीन महिन्यांनी मिरजोळ्याच्या किंवा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ म्हणून लागला, की ते कवच गळून पडतं, आणि तिथे त्याला छळणारे त्याच्याहून वयाने, पगाराने आणि युनियनमधल्या वजनाने मोठे असतात. इंग्लंडमध्येही २०२२ साली टारमॅक कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालय मागे सरकलं. बाहेरच्या कंत्राटदाराच्या माणसाच्या कानाशी कंपनीच्या कामगाराने गंमत म्हणून लहानसा स्फोट केला. त्याचं ऐकणं कायमचं बिघडलं. दोन्ही गटांत तणाव असल्याचं त्याने आधी वरिष्ठाच्या कानावर घातलं होतं. तरी कंपनीला जबाबदार धरलं गेलं नाही, आणि अशा चेष्टांबद्दल मालकाने वेगळे नियम करावेत ही अपेक्षाही जास्तीची ठरली. मला हा निकाल पटत नाही. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या गणवेशातला माणूस कुठल्याही आवारात सगळ्यांत एकटा असतो, हे समजायला भाकीत करावं लागत नाही.

आणि रत्नागिरीत अशी माणसं आता फार आहेत. आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी, मिरकरवाड्याच्या बोटींवरचे नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी, कारखान्यांतले कंत्राटी मजूर. बागेतल्या नेपाळ्याला त्याचं नाव क्वचितच कुणी विचारतं, सगळ्यांना एकच नाव पुरतं. त्याच्या हिंदीची नक्कल होते आणि तो हसतो. आपल्या संगमेश्वरी बोलीतली फिरकी त्याला कळत नाही, कळली तरी त्याच भाषेत परतवता येत नाही. समुद्रात आठ-दहा दिवस एका बोटीवर काढताना तांडेलाने रोज एकाच खलाशाला धरलं, तर त्याने उठून जायचं कुठे?

शिमगा सरला तरी कवित्व उरतं, असं आपण म्हणतो. मोबाइलने ते कवित्व संपूच न देण्याची सोय केली आहे. चप्पल लपवली, खुर्ची ओढली, नवा माणूस धडपडला, आणि ते सगळं चित्रीकरणासकट कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर गेलं. गटात साहेब, साहेबांच्या बायकोला ओळखणारे, गावाकडचे असे सगळे असतात. धडपडलेल्या माणसाने हसण्याचं एक चिन्ह टाकायचं असतं, नाहीतर पुन्हा तो शिक्का.

औद्योगिक वसाहतीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेल्मेट, चष्मा, वायू सुटला तर पळायची वाट हे दाखवतात. त्याच तासात कंप्रेसरची नळी दाखवून ती माणसाकडे का धरायची नाही हे आकड्यांसकट सांगायला पाच मिनिटं लागतात. आणखी दोन मिनिटांत त्याला एका माणसाचं नाव आणि नंबर द्यावा, ज्याच्याकडे जाऊन ‘मला हे नको आहे’ असं म्हणता येईल. तो माणूस त्याच्या पाळीतला नसावा, त्याची रजा मंजूर करणारा नसावा, आणि नेपाळी किंवा कन्नड खलाशासाठी त्याची भाषा बोलणारा असावा. मिरकरवाड्यासारख्या बंदरात असा एक जण नेमायला कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. बोटमालकांच्या आणि मच्छीमारांच्या संस्था आहेत, त्यांची एक बैठक पुरेल.