आधीची माणसं

गेल्या काही महिन्यांत एका नामवंत वक्त्यांचं कुटुंबसंस्थेवरचं भाषण बऱ्याच घरांत ऐकलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चाळिशी ओलांडलेल्यांचे संसार शाळा-कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी नासवले, सुखी माणसाला जुनी माणसं शोधत बसायची गरज पडत नाही, आणि लपवण्यासारखं काही नसेल तर नवरा-बायकोचे फोन एकमेकांना उघडे असलेच पाहिजेत. आधाराला त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल घेतला. जोडीदाराचा फोन तपासण्याचा हक्क आता कोर्टानेच दिलाय, असं ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांचा मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

आधी निकालाचं बघू. प्रकरण भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयातल्या घटस्फोटाचं. नवऱ्याने बायकोशी झालेली बोलणी तिच्या नकळत रेकॉर्ड करून ठेवली होती. ती पुरावा म्हणून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. कुटुंब न्यायालय घ्या म्हणालं, उच्च न्यायालयाने बायकोच्या खासगीपणावर घाला येतो म्हणून नको म्हटलं, आणि १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ग्राह्य धरली. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२२ पती-पत्नींमधल्या बोलण्याला संरक्षण देत होतं. पण दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले की ते संरक्षण उरत नसे, हा त्यातला कायद्याचा भाग. घरात बसून बायकोचा फोन चाळायची मुभा त्यात कुठेही नाही. उलट एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली असेल तर तेच नातं मोडल्याचं लक्षण आहे, असं न्यायालयाने बजावलं आहे. न्यायालयाने ज्याला आजाराचं लक्षण म्हटलं, तेच वक्त्यांनी औषध म्हणून वाटलं.

ही चूक घाईतून झाली असं मला वाटत नाही. तिच्यामागे मालकीची जुनी कल्पना आहे. १८६० च्या दंडसंहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ आठवून पाहा. परपुरुषाला शिक्षा, तक्रारीचा हक्क नवऱ्याला, नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, आणि नवऱ्याने बाहेर काही केलं तर बायकोला या कलमाखाली दादच नाही. ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झालं. समाजसुधारक र. धों. कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या मालकीवर तुटून पडत होते. कायदा बदलला तरी सभागृहातल्या टाळ्या अजून कलम ४९७ च्याच आहेत.

पण वक्त्यांचा दुसरा दावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: सुखी माणूस जुनी माणसं शोधत नाही. त्याला उत्तर द्यायचं तर एलियट जॅक्सकडे जायला हवं. 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द आता जाहिरातीतही सापडतो, पण तो रूढ झाला या कॅनडात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या मनोविश्लेषकाच्या १९६५ च्या निबंधामुळे. निबंधाच्या शीर्षकात मिडलाइफच्या आधी 'डेथ' आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. जॅक्सने चित्रकार, संगीतकार, कवी अशा सुमारे ३१० कलावंतांची आयुष्यं तपासली. पस्तिशी ते चाळिशी या टप्प्यात त्याला मृत्यूंची गर्दी दिसली. मोझार्ट ३५ व्या वर्षी गेला, राफाएल ३७ व्या, शोपँ ३९ व्या. जे तरले, त्यांच्या कामाचा पोत पालटला. आधी झपाट्याने उसळून येणारं काम आता सावकाश, घडवत घडवत होऊ लागलं. आणि त्याच्याकडे येणारे रुग्ण? आईवडील गेलेले किंवा जायला टेकलेले, मुलं हाताशी आलेली, आणि मरण ही इतरांच्या घरी घडणारी गोष्ट राहिलेली नाही. यातले काहीजण तरुण दिसण्याचा अट्टहास करतात, तब्येतीचा घोर लावून घेतात, आपण अजून तरुण आहोत हे सिद्ध करायला शरीरसंबंधांच्या मागे धावतात, हेही जॅक्सने लिहिलं आहे. वक्त्यांना दिसतो तो एवढाच तुकडा. जॅक्सच्या दृष्टीने ती पळवाट होती. खरं काम शोकाचं. आपलं तारुण्य गेलं, हे मान्य करून त्यासाठी रडायचं आणि उरलेलं आयुष्य हातात घ्यायचं.

आता शोक आपल्याकडे कसा होतो? माणूस गेलं की दहा दिवस लोक भेटायला येतात. बसतात, चहा नको म्हणतात, आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. घरच्यांनाही ठाऊक नसलेल्या. त्या ऐकता ऐकताच घरातल्यांना ते माणूस गेल्याचं पटत जातं. स्वतःच्या तारुण्याचा शोक करायलाही असंच कुणीतरी यावं लागतं, ज्याने ते तारुण्य पाहिलंय असं. नवरा किंवा बायको तिथे कामाला येत नाही. त्यांनी ते पाहिलेलंच नसतं. मला वाटतं, पंचेचाळिशीत माणसं दहावीचा वर्ग शोधतात ती यासाठी.

जॅक्सचा निबंध मला कितीही आवडत असला, तरी बायकांपाशी तो थांबतो. रजोनिवृत्तीमुळे त्यांचं संक्रमण नीट वाचता येत नाही, अशा सबबीवर त्याने त्यांना बाजूला ठेवलं. आपल्याकडे तर बायकांपासूनच सुरुवात करायला हवी. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून इथे कितीतरी मुलींचं पाळण्यातलं नाव संपवलं गेलं. वडिलांचं नाव जाऊन मधे नवऱ्याचं आलं, आडनाव तर गेलंच. ऑर्कुट २००४ साली आलं आणि मग फेसबुक, तेव्हा वर्गातले मुलगे एका शोधात सापडले. मुली सापडल्या नाहीत. कारण सुनंदा कुलकर्णी नावाची व्यक्ती जगात नव्हतीच. होती ती कुणी मानसी देशपांडे. मग भाऊ, मामेबहीण, गावातला किराणावाला अशा वाटांनी त्यांचे नंबर काढावे लागले. फेसबुकवर आज अनेकजणी दोन्ही आडनावं लिहितात ती हौस म्हणून नव्हे, सापडावं म्हणून.

माझ्या ओळखीच्या एका बाईंना असंच त्यांच्या वर्गाने शोधून काढलं. ग्रुपवर दहावीचा फोटो आला. पुढे खडूने 'इयत्ता दहावी ब' लिहिलेली पाटी, बाकावर मुली गुडघ्यांवर हात ठेवून, मागे उभे मुलगे, कडेला चौकोनी चष्म्याच्या बाई. खाली कुणीतरी लिहिलं, "ही तिसरी. हिने स्नेहसंमेलनात झाशीची राणी केली होती, आणि तलवार मोडल्यावर फुटपट्टी घेऊन लढली." त्यांनी तो मेसेज नवऱ्याला दाखवला. नवरा हसला आणि म्हणाला, "तू नाटकात होतीस?" लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तो मेसेज लिहिणाऱ्या मुलासाठी नव्हतं. वक्त्यांची चित्रफीत फिरली त्यानंतर त्या ग्रुपमधून सहा-सातजण बाहेर पडले. सगळ्या बायका. त्यात या बाईही होत्या.

इथपर्यंत मी निःशंक आहे. पण नॅन्सी कॅलिशला टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कॅलिफोर्नियातल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जुनी प्रेमं पुन्हा भेटलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं 'लॉस्ट अँड फाउंड लव्हर्स' १९९७ साली आलं. दोघंही मोकळी असतील तर असं पुनर्मीलन किती घट्ट टिकतं हे त्यांनी दाखवलं. पुढे इंटरनेट घरोघरी आलं तशा त्याच बाई विवाहितांना सावध करू लागल्या: सहज म्हणून शोधू नका. कारण त्यांच्याकडे येणाऱ्यांत अशी माणसं होती, ज्यांचा संसार बरा चालला होता, ज्यांनी केवळ कुतूहलाने दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि जी मग आवरू शकली नाहीत. कोरड्या संसारातलीच माणसं घसरतात, हे मीही मानत आले. कॅलिशच्या नोंदी तसं मानू देत नाहीत.

या घसरण्याचं कारण माझ्या मते जोडीदार आणि जुनं माणूस यांच्यातल्या विषम स्पर्धेत आहे. जुनं माणूस घराच्या हप्त्यात नसतं, सासऱ्यांच्या डायपरमध्ये नसतं, मुलाच्या बारावीच्या रात्रींत नसतं. त्याने पाहिलेली मुलगी सोळा वर्षांचीच राहते. नवऱ्याने मात्र पांढरे केस, चिडचिड, गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं पाहिलेलं असतं. शेजारी बसलेली बायको फोनकडे बघून खुलते, तेव्हा नवऱ्याला जे टोचतं त्याला नुसती मालकीची भावना म्हणणं अन्याय आहे. जे हसू आपल्या वाट्याला कधी आलं नाही ते त्याला पहिल्यांदा दिसत असतं. त्याचंही तारुण्य गेलेलंच आहे, आणि ते पाहिलेलं कुणी त्याच्याही घरात नाही. बायकोच्या जागी नवरा ठेवला तरी हेच. या असुरक्षिततेची थट्टा करणाऱ्या पुरोगामी मंडळींशी माझं तेवढंच भांडण आहे जेवढं वक्त्यांशी.

म्हणून फोन उघडा ठेवण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आता वेगळ्या कारणाने आहे. फोन उघडला की मेसेज दिसतात. फुटपट्टीची लढाई दिसत नाही. ती सांगावी लागते, आणि सांगायला कुणी विचारावं लागतं. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने विवाह समुपदेशकांची तरतूद केली. त्यांच्यासमोर आज जुन्या ओळखीवरून बिनसलेली जोडपी येतात, तेव्हा पहिली चौकशी मेसेज कुणाचे, कधीपासून, कुठवर गेलं याची होते. ती व्हावीच. पण दोघांना वेगवेगळं बसवून आणखी एक विचारावं: तुमच्या जुन्या माणसांना तुमच्याबद्दल काय ठाऊक आहे, जे घरात कुणालाच ठाऊक नाही? उत्तर लिहून घ्यावं, आणि दोघांची तयारी असेल तर ते जोडीदाराला वाचून दाखवावं. काही संसार तरीही मोडतील, आणि त्यातले काही मोडणंच बरं असेल. पण त्या बाईंना ग्रुपमध्ये परत यायला सांगायचं झालं, तर ते त्यांच्या नवऱ्याने सांगावं, नाटकाची पूर्ण गोष्ट ऐकून झाल्यावर.