पाहुणा आणि यजमान

एकाच कामावर दोन माणसे नेमली, एकाच्या वाट्यास मान अधिक आला आणि दुसऱ्याच्या वाट्यास भार, तर त्या दोघांत सुखी कोण? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु पूर्वेकडील देशांतील इंग्रजीचे वर्ग पाहिले म्हणजे उत्तर देताना मन कचरते.

जपानने १९८७ साली परदेशांतील तरुण पदवीधरांना इंग्रजीसाठी आपल्या शाळांत बोलावण्यास प्रारंभ केला. ती योजना आजही चालू आहे. आलेला तरुण 'सहायक' म्हणविला जातो. त्याचा करार वर्षावर्षाचा आणि फार तर पाच वर्षांचा. मुले त्याच्याभोवती जमतात. परंतु गुणदान, पालकांची गाऱ्हाणी, वर्गाची जबाबदारी हे सारे शेजारी उभ्या असलेल्या जपानी शिक्षकाचे. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तेथील कनिष्ठ माध्यमिक शिक्षक आठवड्यास सरासरी ५६ तास राबताना आढळले. सहभागी देशांत हा आकडा सर्वाधिक होता. हाँगकाँगने १९९८ साली अशीच योजना काढली आणि बाहेरून येणाऱ्या शिक्षकास निवासासाठी खास भत्ता दिला.

हा भत्ता अन्याय्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. घर सोडून आलेल्यास छप्पर द्यावे, ही साधी नीती होय. मात्र छपराची ही भरपाई विद्वत्तेचे मोल समजली गेली, की अन्याय सुरू होतो. जन्माने लाभलेला उच्चार हा गुण खरा. परंतु ती भाषा परकी म्हणून शिकताना आपण कोठे अडखळलो होतो हे ज्यास आठवते, त्याचे ज्ञान कष्टाने मिळविलेले असते.

तथापि पाहुण्याचे सुखही आपण समजतो तेवढे नसते. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, हे ज्यास उमगले तो कितीही गोंजारला तरी एकटाच राहतो. त्याचे मत कोणी विचारीत नाही, म्हणून त्याची चूकही कोणी दाखवीत नाही. आदराचा वेष घेतलेला हा परकेपणाच होय. यावर आणखी भत्ता हा उपाय नव्हे. धडा दोघांनी मिळून आखावा, चुकला तर दोघांनी मिळून सुधारावा, आणि श्रेयही दोघांच्या नावे असावे.

वाचकहो, आपणही बदलीवर परमुलखात आलेली माणसे. निवासस्थान आपल्याला, 'साहेब' ही हाक आपल्याला. त्या मुलखाची भाषा, माणसे आणि जुनी दप्तरे जाणणारा हेडक्लार्क मात्र जागच्या जागी. बदलीचा हुकूम आला की आपण निरोपाचे हार घेऊन निघतो, आणि आपल्या सहीखालचे निर्णय तो निस्तरीत बसतो. आम्ही एका गावी तीन वर्षे काढली. तेथल्या हेडक्लार्कांनी आमच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळवून दिला, पत्नीच्या आजारात रात्री डॉक्टर आणला. त्यांचे घर कोणत्या गल्लीत होते, हे आम्हांस आजही ठाऊक नाही.