उतरणंही शिकवायला हवं

रिसोडच्या मैदानावर हल्ली भल्या पहाटे पोरी दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करते, कुणी सैन्याची, कुणी खो-खोच्या संघातली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, त्याचं या पोरींना मोठं अप्रूप आहे.

त्यांच्यात एखाददुसरी हमखास अशी असते, की तिचं अंग हवं तसं वळतं. अंगठा मनगटाकडे दाबला की हाताला टेकतो. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात. नुसती उभी राहिली तरी गुडघे मागे जातात आणि पाय धनुष्यासारखे दिसतात. "काय लवचिक आहे पोरगी!" म्हणून सगळे कौतुक करतात. माझी नजर मात्र ती उडीनंतर जमिनीवर कशी येते याकडे असते.

खाली येताना वजनाच्या कितीतरी पट दणका बसतो. गुडघा आणि कंबर वाकली तर मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू तो झेलतात. पाय ताठ राहिला आणि गुडघा आतल्या बाजूला झुकला, तर ताण थेट लिगामेंटवर जातो. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटतं ते बहुतेक वेळा पाय टेकल्यावर, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत. तेवढ्यात कोण सावरणार? सावरणं आधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं. ज्यांचे सांधे सैल, त्यांचा गुडघा जागेवर धरायचं काम स्नायूंवरच जास्त येतं. त्यातून आपला सांधा नेमका कुठे आहे, याची जाणीवही अशांना बरेचदा कमी असते. सैल सांधे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतात. आणि उड्यांच्या खेळांत एसीएलची इजा मुलींना मुलांच्या दुपटीहून जास्त होते.

पण सगळा दोष शरीरावर ढकलणं मला पटत नाही. आपल्याकडे पोरं बांधावरून, विहिरीच्या काठावरून, झाडावरून उड्या मारतच मोठी होतात. पोरीला मात्र पाळी सुरू झाली की "आता उड्या मारू नको" असं सांगितलं जातं. पुढची पाच-सहा वर्षं ती पळत नाही, उडी मारत नाही, आणि मग एकदम महिला लष्करी पोलीस भरतीसाठी तिने १० फूट लांब आणि ३ फूट उंच उडी मारावी अशी अपेक्षा. मांडीत ताकद येणार कुठून? त्यात उन्हाळ्यात आपली काळी माती दगडासारखी होते आणि सरावाच्या खड्ड्यात वाळू नावालाच असते.

मग एखाद्या उडीनंतर उतरताना गुडघ्यात 'कट' आवाज होतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. घरचे म्हणतात, मुरगळला असेल. मग चोळणं, शेकणं, पट्टा. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, पोरगी चालायलाही लागते आणि पुन्हा मैदानावर येते. वळताना गुडघा सटकतो तेव्हा कुठे एमआरआयचा विषय निघतो. ऑपरेशन झालं तर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष. तोवर अनेकींचं भरतीचं वय निघून गेलेलं असतं.

हे बरंचसं टाळता येतं. सैल सांधे ओळखायची ९ गुणांची बेटन तपासणी १९७३पासून वापरात आहे: करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे आणि कंबर. दोन मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. ५ किंवा जास्त गुण आले म्हणून पोरीला खेळातून काढायचं नाही. तिच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, एवढंच.

प्रशिक्षकांना आणि शाळेतल्या पीटीच्या सरांना, मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे. उडी मोजायची टेप काढण्याआधी पोरींना उतरायला शिकवा. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं पुरतात: बैठका, एका पायावर तोल, बुटक्या पायरीवरून हलकी उडी, गुडघे वाकवून आणि पावलांच्या रेषेत ठेवून. उतरताना आवाज जितका कमी, तितकं उतरणं बरोबर.